अँजिओग्राफीच्या टेबलावर



वसंतातल्या या संध्याकाळी आपण येथे साहित्य, इतिहास, राजकारण ऐकावयास येता. अशा ठिकाणी एका डॉक्टराने उभे राहून रक्तवाहिन्यांविषयी बोलावे हे थोडे विसंगत वाटेल. पण या मांडवात बसलेल्या पन्नाशीपुढच्या मंडळींपैकी कित्येकांवर, स्वतःवर नाही तर घरातल्या कोणावर तरी, अँजिओग्राफीचा प्रसंग येऊन गेला असेल किंवा यावयाचा असेल. तेव्हा विषय परका नाही.

आम्ही तालुक्याच्या गावी तीस वर्षांहून अधिक काळ डॉक्टरकी करीत आहो. हृदयविकारतज्ज्ञ आम्ही नव्हे. छातीत दुखते म्हणून आलेल्या माणसाला तपासावे आणि शंका आली की शहराकडे पाठवावे, एवढे आमचे काम. पाठविताना एक ठरावीक वाक्य आमच्या तोंडी असे : "काही नाही हो, नुसता फोटो काढायचा आहे." काही वर्षांपूर्वी चढ चढताना आमच्याच छातीत दाटून येऊ लागले आणि तो फोटो आमचा काढण्याची पाळी आली. तेव्हा कळले की त्या वाक्यातला 'नुसता' हा शब्द खोटा होता, आणि 'फोटो' हा शब्द मात्र आम्ही समजत होतो त्याहून अधिक खरा होता. हे दोन्ही कसे, ते आज सांगावयाचे आहे.

प्रथम हा फोटो कसला ते पाहू. हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरविते, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागतेच. ते दोन रोहिण्यांतून मिळते, एक उजवी आणि एक डावी. डावीचे थोड्याच अंतरावर दोन मोठे फाटे होतात, म्हणून बोलताना सगळे 'तीन नळ्या' म्हणतात. या नळ्यांची रुंदी तीन-चार मिलिमीटर, म्हणजे गव्हाच्या दाण्याएवढी. क्ष-किरणांत हाड दिसते, रक्त दिसत नाही. म्हणून या रोहिण्यांत आयोडीन असलेले औषध सोडावयाचे आणि ते वाहत असताना क्ष-किरणांचे चलच्चित्र घ्यावयाचे. या औषधाला दवाखान्यात 'डाय' म्हणतात, त्यामुळे लोकांना वाटते की शरीरात काही रंग भरतात. वस्तुतः ते पाण्यासारखे बिनरंगी असते. पडद्यावर मात्र ते काळे उमटते.

रोंटगेनने क्ष-किरण शोधले १८९५ च्या नोव्हेंबरात, आणि १८९६ च्या जानेवारीत व्हिएन्नामध्ये दोघा संशोधकांनी एका मृत देहाच्या हातातील रक्तवाहिन्यांत औषध भरून त्यांचे चित्र घेतले होते. मेलेल्याचे चित्र दोन-तीन महिन्यांत निघाले. जिवंत हृदयाशी पोचावयास मात्र तेहतीस वर्षे लागली, कारण हृदयात काही घातले की माणूस मरणार अशी सर्वांची खात्री होती. ती खात्री मोडली जर्मनीतील एबर्सवाल्डे या गावच्या वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने. साल १९२९. वरिष्ठांनी मनाई केली होती. त्याने एका परिचारिकेला पटविले. प्रयोग आपल्यावरच होणार अशा समजुतीने ती टेबलावर निजली, आणि तिला तिथे बांधून ठेवून या गृहस्थाने स्वतःच्या दंडातील शिरेतून मूत्रमार्गासाठी वापरावयाची नळी ६५ सेंटिमीटर आत सरकविली. मग नळी तशीच लोंबत ठेवून तो चालत क्ष-किरणांच्या खोलीत गेला आणि तिचे टोक हृदयात पोचल्याचे चित्र काढून घेतले. शाबासकीऐवजी त्याच्या वाट्याला टीकाच अधिक आली. पुढे तो मूत्ररोगाचा डॉक्टर झाला. १९५६ साली नोबेल पारितोषिकाने त्याला गाठले तेव्हा तो एका लहान गावी व्यवसाय करीत होता.

फोर्समानची नळी शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूस गेली होती. हृदयाच्या स्वतःच्या रोहिणीत औषध सोडण्याचे धाडस तरीही कोणी करीना. ते घडले ते चुकून. १९५८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे मेसन सोन्स हे डॉक्टर एका सव्वीस वर्षांच्या रुग्णाची तपासणी करीत होते. औषध महारोहिणीत सोडावयाचे होते, पण नळीचे टोक घसरून उजव्या हृदयरोहिणीत शिरले आणि औषध तिच्यात गेले. रुग्णाचे हृदय थांबले. सोन्स यांनी त्याला जोराने खोकावयास सांगितले. तो खोकला आणि काही सेकंदांत हृदय पुन्हा चालू झाले. ज्या गोष्टीने माणूस मरतो असे सर्व समजत होते ती सोसून तो जिवंत राहिला, आणि त्या अपघातातून आजची तपासणी जन्मली. आजही टेबलावर कोणी अचानक "खोका, जोराने खोका" असे म्हणाले तर घाबरू नये. नाडी क्षणभर मंदावली की तोच जुना उपाय करतात.

आता तयारी. तपासणीपूर्वी चार ते सहा तास पोट रिकामे ठेवतात. रक्त तपासतात, त्यात मूत्रपिंडाचे काम दाखविणारे क्रिएटिनिन महत्त्वाचे, कारण ते औषध मूत्रपिंडांनाच बाहेर टाकावयाचे असते. मधुमेहाची गोळी, विशेषतः मेटफॉर्मिन, आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे कोणती चालू आहेत ते आठवून नव्हे, कागदावर लिहून न्यावे. कोणती थांबवावयाची ते डॉक्टर सांगतील, आपल्या मनाने काहीही बंद करू नये. पूर्वी असल्या औषधाने अंगावर गांधी उठल्या असतील किंवा दमा असेल तर तेही सांगावे. येथे एका समजुतीचा उल्लेख केला पाहिजे. कोळंबी किंवा खेकडा ज्याला सोसत नाही त्याला हे आयोडीनचे औषध चालत नाही असे आमच्या कोकणातल्या नातलगांत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, आणि काही डॉक्टरही सांगतात. ते खरे नाही. कोळंबीचे वावडे तिच्यातील प्रथिनाचे असते, आयोडीनचे नव्हे. दुसरे कोणतेही वावडे असलेल्या माणसाला जेवढी काळजी घ्यावी लागते तेवढीच त्याला पुरते.

मनगट आणि जांघ दोन्ही ठिकाणचे केस काढतात. नळी जाणार मनगटातून, मग जांघ कशाला, असे आम्ही विचारले. मनगटाची रोहिणी फार बारीक वा वेडीवाकडी निघाली तर ऐन वेळी जांघेकडे वळावे लागते, म्हणून. मनगटाचा मार्ग कॅनडातील ल्युसिअँ काम्पो यांनी १९८९ साली दाखविला आणि रुग्णांवर मोठे उपकार केले. जांघेतून तपासणी झाली की पाय न हलविता कित्येक तास उताणे पडावे लागते. मनगटातून झाली तर माणूस थोड्या वेळात उठून बसतो.

दागिने काढावे लागतात. चित्रात धातूची सावली पडते, आणि बांगड्या तर मनगटावरच असतात. मंगळसूत्र काढावे लागेल हे आमच्या कित्येक भगिनींना ऐन वेळी, परक्या माणसांसमोर कळते आणि नळीच्या भीतीहून त्याचेच दुःख अधिक होते. ते आदल्या दिवशी घरी सांगितले तर सासू, मुलगी, कोणाच्या तरी हाती ते मानाने देता येते. आम्ही मात्र तीस वर्षांत हे एकीलाही सांगितले नव्हते.

मग संमतिपत्र. हा कागद वाचावा. घाई असली तरी वाचावा. धोका किती, हे त्यात मोघम लिहिलेले असते, म्हणून स्पष्ट सांगतो. नुसत्या तपासणीत मृत्यू हजारात एकाहून कमी रुग्णांना येतो. अर्धांगवायू, झटका, मोठा रक्तस्राव असे सगळे गंभीर प्रकार मिळून शंभरात एकाहून कमी. हे आकडे लहान आहेत, पण शून्य नाहीत, आणि म्हातारपण, निकामी होत चाललेली मूत्रपिंडे, अशक्त हृदय यांनी ते वाढतात. त्या कागदावरच्या आणखी एका ओळीविषयी पुढे बोलणार आहो.

टेबलाची खोली थंड असते. यंत्रांसाठी ती तशी ठेवतात. अंगावर एक पातळ झगा, छातीला चिकटपट्ट्या, भोवती शिशाचे जड झगे घातलेली माणसे. वर एक मोठी कमान असते आणि ती चेहऱ्याच्या अगदी जवळून फिरते, अंगावर येते असे वाटते, पण येत नाही. मनगट गार औषधाने धुतात. मग जागा बधिर करण्याची सुई. सगळ्या प्रकारात खरोखर दुखते ते हेच : दहा-पंधरा सेकंद चांगले झोंबते. यानंतर एक आखूड, म्यानासारखी नळी रोहिणीत बसवितात, तेव्हा दाब जाणवतो. तीतून रोहिणी सैल करण्याचे औषध देतात, त्याने हात कोपरापर्यंत पेटल्यासारखा होतो. हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते, आणि आम्ही डॉक्टर असूनही काहीतरी बिघडले असे वाटून घामाघूम झालो.

पुढची लांब नळी, जिला कॅथेटर म्हणतात, ती आत जाताना बहुधा काहीच कळत नाही. रोहिणीच्या आतल्या अस्तराला दुखण्याची जाणीव नसते. मात्र काही जणांची रोहिणी आवळते, तेव्हा दंडात ओढ लागते. ते लगेच सांगावे, सोसत पडू नये. माणूस पूर्ण जागा असतो, बोलू शकतो, पडदा बाजूला असला तर स्वतःचे हृदय पाहू शकतो. पाण्यात हलणाऱ्या मुळांसारख्या काळ्या रेघा उमटतात, ठोक्याबरोबर वाकतात आणि विरून जातात. "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा" एवढे आपले काम. हृदयाच्या कप्प्यात औषध सोडले तर मस्तकापासून मांड्यांपर्यंत गरम लाट जाते आणि आपल्याला लघवी झाली अशी पक्की समजूत होते. झालेली नसते. वडीलधारी माणसे या एका क्षणाने लाजून चूर होतात, म्हणून मुद्दाम सांगितले. वीस-तीस मिनिटांत सगळे संपते. क्ष-किरणांचा जो अंश अंगात जातो तो निसर्गतः दोन-तीन वर्षांत मिळणाऱ्या किरणांइतका.

'नुसता' हा शब्द खोटा कसा हे एवढ्यावरून कळले असेल. आता 'फोटो' खरा कसा ते.

चित्र पाहून सांगतात, 'सत्तर टक्के ब्लॉक.' ऐकणाऱ्याला वाटते की शंभरातले सत्तर भाग रक्त बंद झाले. तसे नाही. हा आकडा व्यासाचा आहे. व्यास निम्मा झाला की नळीचे तोंड निम्मे नव्हे, चौथाई उरते. सत्तर टक्के अरुंद म्हणजे तोंडाचा जेमतेम नऊ टक्के भाग मोकळा. मग माणूस जगतो कसा ? कारण अडथळ्यापुढच्या बारीक वाहिन्या आपोआप रुंदावतात आणि बसल्या जागी पुरेसे रक्त ओढून घेतात. चढ चढताना ही शिल्लक संपते आणि छातीत दाटते. शिवाय हा आकडा पुष्कळदा डोळ्यांनी अजमावलेला असतो. एकच चित्र दोन जाणकारांपुढे ठेवले तर एक साठ म्हणतो, दुसरा ऐंशी. म्हणून शंकेच्या जागी दाब मोजणारी बारीक तार आत घालतात. अडथळ्यापुढचा दाब मागच्या दाबाच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक निघाला तर त्या जागी स्टेंटची सहसा गरज नसते.

आणि चित्रात दिसतो तो नळीतला प्रवाह, नळीची भिंत नव्हे. भिंतीत साचलेला मेद प्रवाहाला फारसा अडवीत नसला तरी एखाद्या दिवशी फुटू शकतो, आणि हृदयविकाराचे कित्येक झटके असल्या बिनदिसत्या जागीच येतात. आमचा एक रुग्ण 'सगळे स्वच्छ' असा रिपोर्ट घेऊन आला आणि त्या आनंदात विडी पेटवूनच दवाखान्याची पायरी चढला. उलट काही जणांना, त्यांत स्त्रिया अधिक, छातीत खरोखर कळा येतात आणि चित्र स्वच्छ निघते, कारण दोष डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांत असतो. त्यांना 'मनाचे खेळ' म्हणून परत पाठवू नये. आम्ही पूर्वी पाठविले आहे.

फोटो काढल्याने अडथळा जात नाही. तो घालवावयाचा तर फुगा आणि स्टेंट, म्हणजे अँजिओप्लास्टी, किंवा बायपास, आणि दोन्ही केली वा न केली तरी औषधे. पण दवाखान्यात पहिल्या दोन गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या असतात. आमच्या संमतिपत्रावर ओळ होती : अँजिओग्राफी, गरज पडल्यास अँजिओप्लास्टी. आम्ही सही केली. पुढचा प्रसंग एका मोठ्या शहरातला, रुग्णालय कोणते ते सांगण्याचे कारण नाही. चित्र झाल्यावर आमच्या सौभाग्यवतींना काचेपलीकडच्या खोलीत बोलाविले, पडद्यावर एक काळी रेघ दाखविली आणि विचारले, "ऐंशी-नव्वद टक्के आहे. आत्ताच करून टाकू ना ? ते टेबलावरच आहेत." शाळेत गणित शिकविण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी उलट विचारले, "ते शुद्धीवर आहेत ना ? मग त्यांनाच विचारा की." खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही, असे त्या सांगतात. जागा असलेल्या माणसाला विचारावे हे तोवर कोणाला सुचले नव्हते. आम्हांलाही नाही, आम्ही छताकडे पाहत पडलो होतो.

येथे न्यायाने बोलले पाहिजे. झटका आलेला असेल, रोहिणी पूर्ण बुजलेली असेल, तर एक-एक मिनिट स्नायू मरत असतो. रुग्णालयाच्या दारी आल्यापासून ९० मिनिटांच्या आत फुगा फुगावा असा जगभरचा दंडक आहे. अशा वेळी 'घरी विचारून सांगतो' म्हणणे घातक. झटक्याच्या उंबरठ्यावरच्या, बसल्या जागी दुखणाऱ्या रुग्णाचेही बहुधा तसेच. पण ज्याला कित्येक महिने फक्त चढावर दुखते, त्याची गोष्ट वेगळी. अशा स्थिर रुग्णांवर २००७ साली 'करेज' या अभ्यासाचे निष्कर्ष आले, त्यात २,२८७ रुग्ण होते. २०२० साली 'इस्केमिया' या अभ्यासाचे आले, त्यात ५,१७९ होते. दोन्हींत दिसले ते असे की चांगल्या औषधोपचाराला सुरुवातीलाच स्टेंट किंवा शस्त्रक्रियेची जोड दिल्याने एकंदर मृत्यू कमी झाले नाहीत. छातीतले दुखणे मात्र कमी झाले, आणि ते लहानसहान नव्हे. याला अपवाद आहेत, डाव्या मुख्य रोहिणीचा अडथळा हा त्यांतला मोठा. तेथे, आणि तिन्ही नळ्या खराब असल्यास, विशेषतः मधुमेह्याला, शल्यचिकित्सकाचे मत घेतल्यावाचून टेबलावर निर्णय करू नये. बायपास त्याला अधिक उपयोगी पडण्याचा संभव असतो.

तेव्हा प्रश्न टेबलावर निजण्यापूर्वी विचारावयाचे. अडथळा निघाला तर काय करणार ? थांबल्याने काय बिघडेल ? स्टेंट बसला की रक्त गोठू न देणारी दोन औषधे कित्येक महिने, पुष्कळदा वर्षभर, एक दिवसही न चुकविता घ्यावी लागतात, ती परवडतील काय ? हर्नियाचे वा मोतीबिंदूचे दुसरे काही ठरले आहे काय ? एकाच बैठकीत दोन्ही केले तर एकच टोचणे, एकच मुक्काम आणि खर्चही कमी, हेही खरे आहे, आणि विचारपूर्वक तसे ठरविण्यात काही गैर नाही. पैशाविषयी विचारताना संकोचू नये. १२ फेब्रुवारी २०१७ पर्यंत औषध लावलेला स्टेंट लाखाच्या वर जात असे. त्या महिन्यात सरकारने त्याची कमाल किंमत २९,६०० रुपये आणि साध्याची ७,२६० रुपये ठरविली. पुढे हे आकडे वेळोवेळी बदलले, पण मर्यादा असते हे रुग्णाला ठाऊक हवे.

आमच्यापुरते म्हणाल तर अडथळा उजव्या रोहिणीत एकच होता. आम्ही टेबलावरून "आज नको" म्हणालो. तज्ज्ञांनी ते सहज मानले, हे त्यांच्या बाजूने नोंदविले पाहिजे. सात महिने औषधे घेतली, बरेच बरे वाटले, पण चढ काही जमेना. मग आपणहून गेलो आणि स्टेंट बसवून घेतला. कोणी म्हणेल, शेवटी तेच केले. तेच केले, पण काय करून घेत आहो हे समजून केले.

तपासणीनंतर मनगटावर हवा भरलेला पारदर्शक पट्टा बांधतात आणि दोन-तीन तासांत हळूहळू हवा सोडतात. बोटे थोडी जड आणि निळसर होतात, पण पांढरी, थंड किंवा बधिर पडली तर परिचारिकेला हाक मारावी. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यावयास सांगितले नसेल तर भरपूर प्यावे. दोन-तीन दिवस त्या हाताने बादली उचलू नये, स्कूटर दामटू नये. घरी गेल्यावर रक्त आले तर त्या जागी बोटांनी घट्ट दाबून धरावे आणि तसेच दवाखान्यात यावे, फडक्यावर फडकी गुंडाळीत बसू नये. जांघेतून तपासणी झाली असेल आणि तेथे फुगवटा वाढत असेल किंवा कंबर दुखू लागली तर रात्र काढू नये. मूत्रपिंडे आधीच दुबळी असतील तर दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनिन पुन्हा पाहावे. आमचे मनगट चौथ्या दिवशी हिरवेनिळे झाले आणि आठवड्याने निवळले. तेवढे बहुतेकांचे होते.

निघताना लेखी रिपोर्टाबरोबर चित्रांची तबकडी मागून घ्यावी. दुसऱ्या डॉक्टराला 'ऐंशी टक्के' हा शब्द उपयोगी पडत नाही, ते चित्र पडते. आमची तबकडी घरातल्या पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाशेजारी ठेवलेली आहे.